याकोब हाइनलेचा नकार

"त्याला मी एकदाच विचारलं," ऑर्लिन ट्वेटन म्हणाला होता.

१९८९ च्या फेब्रुवारीतली दुपार होती. जेम्सटाउनच्या छापखान्यात जाऊन आम्ही दोघं त्याच्या पिकअपमधून परत येत होतो. रस्त्यावरून भुरभुरा बर्फ आडवा सरकत होता. हे वाक्य तो माझ्याशी बोलला नाही, समोरच्या काचेशी बोलला. कुणाला विचारलं, काय विचारलं, हे मला सांगायची गरज नव्हती. ते नाव आम्ही दोघांनी एकतीस वर्षांत एकमेकांसमोर उच्चारलं नव्हतं. मी म्हणाले, "वारा वाढला वाटतं." तो म्हणाला, "वायव्येचा आहे." पुढचे चाळीस मैल आम्ही वाऱ्याबद्दल बोललो.

माणूस दार किलकिलं करतो आणि समोरचा ते हळूच लोटून देतो, तसं मी त्या दिवशी केलं. ते अजून माझ्या हाताला जाणवतं.

ऑर्लिनला ओळखत नाही असं आमच्या नॉर्डालमध्ये कुणी नव्हतं आणि त्याच्याबद्दल काही सांगू शकेल असंही कुणी नव्हतं. १९१६ चा जन्म. गावाबाहेरच्या एका खोलीच्या शाळेत तो माझ्या चार वर्षं पुढे होता. तेव्हाही तो सगळ्यांना आकडे सांगायचा. १९३६ साली तो वीस वर्षांचा होता. त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या उत्तर डकोटा राज्यात पारा शून्याखाली साठ अंश फॅरनहाइटवर गेला आणि जुलैत एकशे एकवीसवर चढला. हे दोन्ही उच्चांक-नीचांक एकाच वर्षाचे, ही गोष्ट त्याने मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी त्याच्या आवाजात असं काही असायचं की वाटावं, हा स्वतःबद्दलच काही सांगतोय. नंतर तो धान्यकोठारावर लागला आणि १९४६ पासून पस्तीस वर्षं तिथला व्यवस्थापक होता. रेल्वेच्या रुळांशेजारी उभं असलेलं ते कोठार आमच्या गावातली एकच उंच गोष्ट. बाकी सगळं सपाट. कोठारावर येणारी प्रत्येक गाडी त्याच्या हाताखालून जायची. मूठभर गहू तळहातावर घेऊन, दोन दाणे चावून तो सांगायचा की हा कुठल्या शेतातला, ओल किती, आणि पेरणी कुणी उशिरा केली. पेरणी उशिरा करणारे त्याच्या तोंडावर हसायचे आणि पाठीमागे चरफडायचे.

राज्याला शंभर वर्षं होणार म्हणून गावोगाव पुस्तकं निघत होती. आम्हीही काढायचं ठरवलं. अशा पुस्तकांची आमच्याकडे एक रीत आहे : प्रत्येक घराने आपलं पान आपण लिहायचं आणि समितीने त्यातलं अक्षरही बदलायचं नाही. त्यामुळे या पुस्तकांमध्ये सगळ्यांचे आजोबा कष्टाळू असतात आणि कुणाचाच काका पीत नाही. समितीत आम्ही तिघं होतो. डेलोरिस ब्रेक्के अध्यक्ष, कारण ती चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची मालकीण असल्यासारखी वागायची आणि बैठका तिथेच व्हायच्या. मी टायपिंगला, कारण मी बावीस वर्षं साप्ताहिकात अक्षरं जुळवली होती. आणि पहिलं प्रकरण ऑर्लिनकडे : राज्य, जमीन, हवा, लोक.

ते प्रकरण त्याने कसं लिहिलं ते मी पाहिलं आहे. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याची कार्डं, प्रत्येक कार्डावर एक गोष्ट आणि ती कुठून कळली ते. आमच्या पूर्वेची काळी जमीन म्हणजे एका आटलेल्या हिमतळ्याचा तळ. हे कार्ड. उत्तर आणि दक्षिण डकोटा एकाच दिवशी राज्यं झाली आणि सही करताना राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही कागद मुद्दाम उलटसुलट केले, म्हणून आधी कोण झालं हे कुणालाच माहीत नाही. हेही कार्ड. त्या कागदांबद्दल बोलताना तो म्हणाला, "सोयीचं आहे. कुणी कुणाला दोष द्यायला नको."

एकदा डेलोरिसशी त्याचा खटका उडाला. नदीकाठी मंडन, हिदात्सा आणि अरिकारा लोकांची गावं होती, ती पन्नास सालानंतर धरणाखाली गेली.

"त्यांनी जमीन दिली, असं लिही ना," डेलोरिस म्हणाली. "उत्सवाचं पुस्तक आहे रे बाबा."

"दिली नाही. घेतली गेली."

"अरे, पण सह्या केल्या होत्या त्यांनी."

"सही करताना त्यांचा प्रमुख रडत होता. त्याचा फोटो आहे. आणू?"

"नको, नको. घेतली तर घेतली. कॉफी घे."

असा माणूस. खोट्याचा एक कणही त्याला गव्हातल्या खड्यासारखा दाताखाली लागायचा. म्हणून मार्चमध्ये 'लोक' हा भाग टाइप करताना एका ओळीवर माझी बोटं थांबली.

नॉर्वेहून आलेल्यांबद्दल त्याने लिहिलं होतं, म्हणजे आमच्याबद्दल. मग रशियातून, काळ्या समुद्राच्या काठावरून आलेल्या जर्मनांबद्दल. त्यांची मातीची घरं, त्यांचं सूप, त्यांची मोठी कुटुंबं, सगळं नीट. आणि शेवटी : "जर्मन शेतकरी सरळ बोलतो. तो एकदा नाही म्हणाला म्हणजे नाहीच. त्याला पुन्हा विचारलेलं तो अपमान समजतो."

"हे कुठून मिळालं?" मी विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे."

"खोक्यात कार्ड आहे याचं?"

तो खिडकीकडे बघत राहिला. तळघराच्या खिडकीतून फक्त लोकांचे पाय दिसतात. तेव्हा तेही दिसत नव्हते, नुसता बर्फ.

"टाइप कर, लव्हॉन," तो म्हणाला.

मी टाइप केलं. ही ओळ खोटी आहे हे मला माहीत होतं आणि ती कशासाठी आहे हेही. माझ्या यंत्रातून ती पानावर उमटली, तेव्हा तिच्यात माझाही वाटा पडला.

आता १९५८ चा ऑगस्ट सांगायला हवा.

याकोब हाइनले दक्षिणेकडच्या जर्मन गावांतून एकोणीस वर्षांचा असताना आमच्याकडे आला आणि इथेच राहिला. त्याचं शेत गावाच्या उत्तरेला, ऑर्लिनच्या एकशे साठ एकरांना लागून. मध्ये फक्त तारेचं कुंपण. बायको ओटिलिया, तिला सगळे टिल्ली म्हणत, आणि नऊ वर्षांची एक मुलगी. मुलगा नाही. त्या वर्षी जुलैत याकोबच्या हृदयाने दगा दिला. शहरातल्या इस्पितळातून परत पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहायचं, जिना चढायचा नाही, यंत्राच्या जवळ जायचं नाही. आणि गहू पिकत आला होता.

अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आजारी माणसाचं शेत गाव कापतं. एके दिवशी सगळे आपापले हार्वेस्टर घेऊन येतात, बायका जेवण घेऊन येतात आणि संध्याकाळी शेत रिकामं होतं. फक्त आधी कुणीतरी जाऊन त्या घरी विचारावं लागतं. आमच्या गावात ते काम ऑर्लिनचं होतं. कुणाचं शेत उभं आहे, कुणाचं झालं, हे त्यालाच ठाऊक असायचं. तो विचारून यायचा आणि मग फोन करायचा. आम्ही फोनची वाट बघायचो.

आणि विचारायचं तीनदा. कॉफी असो, जेवण असो, मदत असो, पहिल्यांदा विचारलं की माणूस नको म्हणतो. दुसऱ्यांदा म्हणतो, तुम्हाला कशाला त्रास. तिसऱ्यांदा म्हणतो, बरं, एवढं म्हणता तर. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट आणि पहिल्याच नकाराला निघून जाणारा... त्याला आमच्याकडे नाव नाही, कारण तसं कुणी करत नव्हतं.

ऑर्लिन मंगळवारी सकाळी याकोबकडे गेला. याकोब ओसरीवर खुर्चीत बसला होता. ऑर्लिनने विचारलं, "आम्ही येऊ का कापायला?" याकोब म्हणाला, "नको, नको. होईल आमचं. तुमची कामं पडलीत." ऑर्लिन म्हणाला, "बरं तर." आणि टोपीला हात लावून निघाला.

त्या दिवशी पश्चिमेला गारांचे ढग होते आणि त्याचा स्वतःचा गहू कुंपणापलीकडे उभा होता. मंगळवारी दुपारी त्याने तो कापायला घेतला आणि बुधवारी संपवला. गारा पडल्याच नाहीत. गुरुवारी, शुक्रवारी कोठारावर गाड्यांची रांग रेल्वेच्या फाटकापर्यंत गेली होती. तो पुन्हा याकोबकडे गेला नाही.

आमच्या घरी मिल्फर्डने, माझ्या नवऱ्याने, यंत्राला तेलपाणी करून ठेवलं होतं. बुधवारी जेवताना तो म्हणाला, "ऑर्लिनचा फोन नाही आला?"

"येईल," मी म्हणाले.

गुरुवारी म्हणाला, "आपणच करून बघावा का त्याला?"

"बरं दिसतं का ते? तो विसरला असं आपण समजतोय, असं वाटेल त्याला."

शुक्रवारी त्याने विचारलं नाही. गावातल्या दहा घरांत हेच बोलणं झालं असणार. दहाही घरांत यंत्रं तयार होती आणि दहाही घरांत बरं दिसणार नव्हतं.

शनिवारी सकाळी याकोब स्वतः यंत्रावर चढला. शेताच्या दुसऱ्या फेरीत त्याचं हृदय थांबलं. यंत्र थांबलं नाही. ते वळायचं तिथे वळलं नाही, उभ्या पिकातून सरळ रेघ मारत गेलं, कुंपण तोडून ऑर्लिनच्या कापलेल्या रानात शिरलं आणि दगडांच्या ढिगाला अडून तिथेच घुरघुरत राहिलं. ती रेघ मी पाहिली आहे. पट्टी लावून ओढल्यासारखी. इतक्या सपाट मुलखात एखादी गोष्ट इतकी सरळ असू शकते याची मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग फोन आला. मग सगळे आले. अकरा हार्वेस्टर एका ओळीत याकोबच्या शेतावर उभे राहिले आणि दुपारी तीनपर्यंत सगळं शेत साफ. साप्ताहिकाच्या माणसाने कोठाराच्या शिडीवर चढून फोटो काढला. तो फोटो राज्यभर गेला. सावकाश सरकणारी अकरा यंत्रं, मागे धुळीचे अकरा पडदे. लोक म्हणाले, बघा, ही आमची माणसं. सातवं यंत्र मिल्फर्डचं. पहिलं ऑर्लिनचं.

त्यानंतर ऑर्लिन बदलला, पण अशा रीतीने की गावाला हसायला झालं. तो सगळ्यांना सतत विचारू लागला. तीनदा नाही, पाच-पाचदा. गाडी चिखलात रुतलीय? छप्पर गळतंय? बायको माहेरी गेलीय, जेवायला येतोस? दुकानात लोक म्हणायचे, "ऑर्लिनला नाही म्हणायचं असेल तर सकाळी लवकर उठायला हवं." तोही हसायचा. हिवाळ्यात दर बर्फानंतर टिल्लीच्या अंगणातला बर्फ तो काढायचा, अठ्ठावीस हिवाळे, ती मुलीकडे बिस्मार्कला राहायला जाईपर्यंत. टिल्ली दारात येऊन म्हणायची, कॉफी घे. पुन्हा म्हणायची. तिसऱ्यांदा म्हणायची. तो तिसऱ्यांदाही नको म्हणायचा आणि फावडं गाडीत टाकून जायचा. गावाला हे विचित्र वाटायचं. कुणी त्याला विचारलं नाही. आम्ही विचारत नाही.

एप्रिलमध्ये मुखपृष्ठाचा प्रश्न आला. डेलोरिसने टेबलावर तो फोटो ठेवला, खाली तिने छान अक्षरात लिहून आणलं होतं : 'शेजारधर्म. अकरा यंत्रं, एक शेत. ऑगस्ट १९५८.'

"याच्याशिवाय दुसरा कुठला?" ती म्हणाली.

ऑर्लिनने त्याकडे न बघताच म्हटलं, "कोठाराचा घ्या."

"वा! म्हणजे तुझा फोटो."

"कोठाराचा म्हटलं मी."

"कोठार म्हणजे तूच रे. पस्तीस वर्षं तिथे खिडकीत बसून आम्हाला ओल सांगत होतास. ऑर्लिन, माणसं हवीत मुखपृष्ठावर. राज्याला शंभर वर्षं झाली, त्यात आमच्या गावाने काय केलं, तर हे केलं."

"हे केलं," ऑर्लिन म्हणाला. मग, "जर्मनांचं असं असतं, डेलोरिस, की..." आणि वाक्य सोडून दिलं.

मला वाटतं, त्या ओळीवर तो एकतीस वर्षं उभा होता. ती खरी ठरली तर याकोबचा नकार नकारच होता. मग ऑर्लिनने पुन्हा विचारलं नाही हा अपराध नव्हता, उलट तो त्या माणसाचा मान होता. कार्ड नसलेली ती एकच ओळ छापून आली की सातशे घरांत जाणार होती, हिमतळ्याशेजारी आणि पाऱ्याच्या आकड्यांशेजारी बसणार होती. त्यांच्यासारखीच खरी होणार होती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात टिल्ली आपलं पान घेऊन आली. मुलीने तिला गाडीतून दाराशी सोडलं आणि ती एकटीच कठडा धरून तळघराच्या पायऱ्या उतरली. पंचाहत्तर वर्षांची, अंगाने बारीक झालेली, डोक्याला रुमाल. हातात झाकलेलं ताट.

"अगं टिल्ली! कूखन आणलास?" डेलोरिसने ताटावरचा रुमाल उचलला. मलई आणि आलुबुखाराचा गोल केक. "आता बाकी सगळी कामं बंद."

ऑर्लिन उठून उभा राहिला होता. "कशी आहेस?"

"आहे. तू वाळलास रे."

तिचं पान छोटं होतं. लग्न, शेत, मुलगी, नातवंडं. याकोबबद्दल एवढंच : 'कापणीच्या वेळी शेतात वारला. शेजाऱ्यांनी उरलेलं पीक काढून दिलं, त्यांचे आभार.' मी ते वाचलं आणि म्हणाले, छान आहे. मग टिल्लीने विचारलं, "आमच्या लोकांबद्दल काय लिहिलंत? माझी मुलगी म्हणते, कुठे आमची नावंच नसतात."

डेलोरिसने तिच्यापुढे पहिल्या प्रकरणाची पानं सरकवली. मी तिचा हात धरू शकले असते. ऑर्लिनही काही म्हणू शकला असता. टिल्ली ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचत गेली. मातीच्या घरांपाशी ती हसली. सुपापाशी म्हणाली, "बटाटा लिहिला नाहीस." मग बोट थांबलं. ती ओळ तिने दोनदा वाचली.

"हे माझ्या वडिलांबद्दल खरं आहे," ती म्हणाली. "ते एकदा नाही म्हणाले की देवालाही पुन्हा विचारायची छाती नव्हती. पण याकोबबद्दल नाही हं."

डेलोरिस केकचे तुकडे करत होती, तिची सुरी थांबली.

"तू आलास ना मंगळवारी," टिल्ली ऑर्लिनला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, काल-परवाचं सांगावं तसं, "तू गेल्यावर मी त्याला ओरडले. म्हटलं, हो का नाही म्हणालास? पडून राहायला सांगितलंय तुला. तर म्हणतो, 'असं कसं? ऑर्लिन दुपारी परत येईल. मग मी जरा कुरकुरेन. तिसऱ्यांदा हो म्हणेन.' म्हटलं, हा काय पोरखेळ? तर म्हणतो, 'तीस वर्षं झाली मला इथे. पहिल्यांदाच हो म्हणालो तर लोक म्हणतील, हा अजून परकाच आहे.' त्याला फार अभिमान होता रे. तुमची रीत आपल्याला जमते म्हणून. आम्ही तुमच्याकडून जेवून परत आलो की गाडीत मला सांगायचा, बघ, मी बरोबर दोनदा नको म्हणालो."

ती थोडी हसली.

"दुपारी तू येशील म्हणून मी कूखन केला. बुधवारी शिळा झाला, पुन्हा केला. गुरुवारी तो खुर्ची घेऊन रस्त्याच्या बाजूला बसला. तुझ्या पिकअपचा आवाज त्याला ओळखू यायचा. शुक्रवारी म्हणाला, 'मी काहीतरी चुकलो. जरा जास्तच जोरात नको म्हणालो.'"

ऑर्लिनचे दोन्ही हात टेबलावर होते, उताणे, गहू बघताना ठेवायचा तसे.

"टिल्ली, मला वाटलं..." तो म्हणाला.

"काय वाटलं?"

वरती चर्चमध्ये कुणीतरी बाकं सरकवत होतं. मला आता आठवतं की मी त्या क्षणी मनात त्याला शब्द पुरवत होते : मला वाटलं, तुम्हा लोकांना आवडणार नाही. ते वाक्य समोर टाइप करून पडलेलंच होतं. त्याने फक्त वाचायचं होतं.

"काही वाटलं नाही," ऑर्लिन म्हणाला. "त्याला नको आहे असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही. माझा गहू उभा होता."

टिल्लीने मान हलवली. "हं. मलाही तेच वाटायचं."

एवढंच. मी वाट बघत होते की ती आता रडेल, की त्याला काही म्हणेल, की माफ केलं म्हणेल. तिने यातलं काही केलं नाही. रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"मिल्फर्डचं यंत्रही तयार होतं," मी म्हणाले. "बुधवारपासून. मी त्याला फोन करू दिला नाही."

"अगं, सगळ्यांचीच तयार होती," टिल्ली म्हणाली. "नाही तर अकरा एकदम कुठून आली असती?"

डेलोरिसने घाईघाईने फोटो उचलला आणि पाठीमागे धरला. "मी म्हणते, हा राहू दे. ऑर्लिन म्हणतो तसं कोठाराचाच घेऊ. बर्फातला एक छान आहे."

"तो का?" टिल्लीने हात पुढे केला. "बघू. छान आहे की हा. याकोबचं पीक कसं आलं होतं बघ त्या वर्षी. कमरेपर्यंत." तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. "ती रेघ पण दिसते."

खरंच दिसत होती. एवढ्या वर्षांत मी तो फोटो शेकडो वेळा पाहिला होता. पहिल्या यंत्राच्या पुढे, उभ्या गव्हात, एक बारीक काळपट रेघ कुंपणाकडे गेलेली. आम्ही सगळे ती वाट समजत होतो.

"हाच घ्या," टिल्ली म्हणाली.

ऑर्लिनने कानावरची पेन्सिल काढली. आधी त्याने आपल्या प्रकरणातली ती ओळ खोडली, एकदा, पट्टी न लावता, पण सरळ. मग फोटो आपल्याकडे ओढला. डेलोरिसच्या छान अक्षरांतला 'शेजारधर्म' त्याने खोडला नाही. रीत होती ना, दुसऱ्याचं अक्षर बदलायचं नाही. त्याने त्याच्याखाली लिहिलं : 'याकोब हाइनले वारल्याच्या तिसऱ्या दिवशी.'

"अरे ऑर्लिन, मुखपृष्ठावर असं?" डेलोरिस कुजबुजली. "लोक काय म्हणतील?"

"राहू दे," मी म्हणाले.

टिल्ली पुढे वाकून वाचत होती. तिचं बोट त्याच्या अक्षरांखालून सावकाश सरकलं आणि एका शब्दाशी थांबलं.

"तिसऱ्या नाही," ती म्हणाली. "चौथ्या. तिसऱ्या दिवशी दफन होतं. पेटीला खांदा दिलास ना तू, विसरलास?"

ऑर्लिनने तिच्याकडे पाहिलं. पाऱ्याचे, पावसाचे, रेल्वे आली त्या तारखेचे आकडे कधीही न चुकलेला माणूस. त्याने 'तिसऱ्या'वर रेघ मारली आणि वर 'चौथ्या' लिहिलं. पेन्सिल खोक्याच्या कडेला नीट ठेवली. खुंटीवरून टोपी घेतली, कोट घेतला, आणि आम्ही तिघी बघत असताना एकेक पायरी चढत वरच्या दारातून निघून गेला.